कारखान्यांलगतची दाट वस्ती : उरल्यातील भूवापराचा पेच

रायपूर : रायपूरच्या उत्तरेकडील उरला औद्योगिक क्षेत्रात रोलिंग मिल आणि लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. त्यांना लागूनच बीरगाव महानगरपालिकेच्या हद्दीतील कामगारवस्ती आहे. कामाजवळ स्वस्त खोली मिळते म्हणून वस्ती वाढते. धूर, काजळी आणि अवजड वाहतुकीचा भारही त्याच घरांवर पडतो. अशा ठिकाणी दाट बांधकाम रोखण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे विकास आराखड्यातील भूवापर बदलणे.

छत्तीसगडमध्ये यासाठी नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ लागू आहे. मूळ मध्य प्रदेशचा हा कायदा २००० साली राज्यनिर्मितीनंतर छत्तीसगडमध्ये कायम राहिला. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जातात आणि शासनाच्या मंजुरीनंतर तो बंधनकारक ठरतो. मंजूर आराखड्यात शासनाला फेरबदल करता यावा, यासाठी कलम २३-क आहे. निवासी जमीन हरित पट्ट्यात वर्ग केल्यास नव्या घरांना परवानगीच मिळत नाही. चटई क्षेत्र निर्देशांक घटवल्यास घरे होतात, पण मजले कमी होतात.

खरी अडचण जमिनीच्या किमतीची. निवासी भूखंड हरित ठरला की मालकाच्या हाती मोल उरत नाही. पुण्यात १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकले गेले. २०१५ मध्ये शासनाने त्यावर शिक्कामोर्तब करून मोबदल्यात आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला. जमीनमालकांना तो अपुरा वाटला आणि वाद मिटला नाही.

दुसरा पेच परवानगीविना उभ्या राहिलेल्या घरांचा. छत्तीसगडमध्ये अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा २००२ पासून आहे. आराखड्याने नाकारलेले बांधकाम पुढे शुल्क भरून नियमित होण्याची आशा असेल, तर नकाशावरील हिरव्या रंगाला कोण भीक घालणार?

कारखान्यालगतच्या दाटीचे परिणाम याच कायद्याच्या मूळ राज्याने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. युनियन कार्बाइडच्या भिंतीपलीकडील गरीब वस्त्यांना वायुगळतीचा सर्वाधिक फटका बसला होता.

उरल्यात प्रश्न अधिक साधा आणि म्हणून अधिक अवघड आहे. नवी घरे रोखली, तरी पाळी संपवून निघणाऱ्या मजुराला पायी पोहोचता येईल अशी खोली हवीच असते. हरित पट्ट्याबरोबर त्या खोलीची जागाही आराखड्यात दाखवावी लागेल.