बाजू कोणी मांडायची?

नदीला, सिंहाला आणि अजून न जन्मलेल्या नातवंडांना मत नसतं. कायद्याच्या दारात त्यांची दखल कधी घेतली गेली?

● १९९३, फिलिपिन्स : जंगलतोडीचे परवाने रद्द व्हावेत म्हणून मुलांनी स्वतःच्या आणि भावी पिढ्यांच्या वतीने दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा तो अधिकार मान्य केला.

● २००८, इक्वेडोर : निसर्गाचे हक्क थेट राज्यघटनेत. त्यांच्यासाठी कोणीही दाद मागू शकतं.

● २०१३, भारत : गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. वन्यप्राणी कोणत्याही राज्याच्या मालकीचे नाहीत, प्रजातीचं हित महत्त्वाचं, हा निकष. प्रत्यक्षात कुनोत २०२२ मध्ये आले ते नामिबियाचे चित्ते.

● २०१७, न्यूझीलंड : व्हांगानुई नदी कायद्याने ‘व्यक्ती’ झाली. तिच्या वतीने बोलायला दोन पालक : एक सरकारचा, एक नदीकाठच्या माओरींचा.

● २०१७, उत्तराखंड : उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही हाच दर्जा दिला. पुरात कोणी दगावलं, तर भरपाईचा दावा नद्यांचे पालक ठरवलेल्या मुख्य सचिवांवर लावायचा का, असं राज्य सरकारने विचारलं. चार महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली.