निद्रेतील श्वास आणि विजेचा बंदोबस्त

झोपेत हवेच्या अखंड दाबाने श्वासमार्ग उघडा राखणारे सीपॅप यंत्र विकत घेतले की स्लीप अ‍ॅप्नियावरचा उपचार झाला, अशी समजूत करून घेणाऱ्या घरांत ते यंत्र बहुधा लवकरच कपाटात जाते आणि रुग्णाची पेंग मात्र कायम राहते. वस्तुतः यंत्र आणणे हा उपचाराचा आरंभ आहे. रुग्णाच्या घशाला पुरेल तेवढाच दाब ठरवणे, तो मुखवट्यातून न गळता पोहोचेल असे पाहणे आणि रात्रभर विजेची तजवीज ठेवणे, या तिन्ही गोष्टी साधल्यावाचून त्याचे फळ पदरी पडत नाही.

या विकाराच्या नेहमीच्या प्रकारात झोपेमध्ये घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटतो, किमान १० सेकंद श्वास खुंटतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग पुन्हा मोकळा करतो. असे अडथळे तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानला जातो. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. जडावलेले डोके, दिवसाची गुंगी आणि कित्येकदा वाढलेला रक्तदाब एवढाच त्याचा दाखला उरतो. सिडनी येथील वैद्य कॉलिन सलिव्हन यांनी पंख्याच्या हवेचा सौम्य, अखंड दाब नाकावाटे देऊन हा मार्ग उघडा राखता येतो, हे पाच रुग्णांवर सिद्ध केले व १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आजची सर्व यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

हा दाब पाण्याच्या उंचीच्या सेंटिमीटरांत मोजतात आणि यंत्रे तो सामान्यतः ४ ते २० यांच्या दरम्यान देतात. १० सेंटिमीटरांचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा अंश. परंतु मिटू पाहणाऱ्या घशाला आतून आधार देण्यास तो बहुधा पुरतो. योग्य आकडा निद्रा-तपासणीत रात्रभर तंत्रज्ञ बसवून काढतात, किंवा स्वयंचलित यंत्र काही रात्री लावून त्याच्या नोंदींवरून ठरवतात. मात्र स्वयंचलित यंत्र ४ ते २० अशा मोकळ्या मर्यादेवर तसेच सोडून देणे इष्ट नव्हे, कारण ४ च्या दाबावर पुष्कळांना गुदमरल्यासारखे वाटते आणि दाब चढेपर्यंत अडथळे येऊन गेलेले असतात. उलट दाब गरजेहून अधिक झाल्यास मुखवटा गळतो, पोटात हवा जाऊन ते फुगते आणि काहींच्या बाबतीत मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा येण्यात खंड पडू लागतो. सबब मर्यादा आवळण्याचे काम नोंदी वाचून वैद्यानेच करावे. झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवणारी ‘रॅम्प’ची सोय आणि उच्छ्वासाच्या वेळी तो किंचित उतरवणारी सोय या मात्र रुग्णाने समजून घेऊन अवश्य वापराव्यात.

मुखवटा आरशासमोर उभे राहून नव्हे, तर यंत्र चालू करून, उशीवर निजून, कुशीला वळून बसवावा, कारण आडवे होताच चेहऱ्याची ठेवण बदलते. हवा डोळ्यांकडे फुटत असेल तर पट्टे करकचून आवळण्याऐवजी मुखवटा एकदा चेहऱ्यापासून उचलून पुन्हा टेकवावा, म्हणजे त्याची मऊ कड हवेने फुगून नीट बसते. मुखवट्यावरची बारीक छिद्रे उच्छ्वास बाहेर टाकण्यासाठीच असतात. ती कधीही बुजवू नयेत. आर्द्रतेच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावे, म्हणजे नळीत जमलेले पाणी नाकाशी येत नाही.

आता विजेचा हिशेब. यंत्राचा अ‍ॅडॅप्टर सामान्यतः १०० ते २४० व्होल्टवर चालतो. आत मात्र काही यंत्रे १२ आणि काही २४ व्होल्टची असतात, आणि हा आकडा पाहिल्यावाचून बॅटरी जोडू नये. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. तिच्या आयुष्याच्या दृष्टीने त्यातले निम्मेच वापरावे आणि इन्व्हर्टरमधली घटही वजा धरावी. यंत्राला सरासरी ३० वॉट धरले तर आठ तासांना २४० वॉट-तास लागतात, म्हणजे रात्र सहज निघते. परंतु मोठा खर्च आर्द्रतेच्या टाकीतले पाणी तापवण्याचा असल्याने वीज गेल्यावर ती सोय बंद करणे श्रेयस्कर. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा आणि त्याचे बटण यूपीएसवर ठेवावे, म्हणजे वीज जाताच बदल त्वरित होतो. प्रवासातही हयगय नको: रेल्वेच्या डब्यातील चार्जिंगची सोय मोबाइलपुरती असून रात्री ११ ते पहाटे ५ ती बंद ठेवण्याच्या सूचना आहेत, विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी हातसामानात चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

यासाठी माझा आग्रह असा की, सीपॅप लिहून देणाऱ्या वैद्याने दाबाच्या आकड्याबरोबरच रुग्णाच्या घरी वीज किती वेळ जाते याचीही चौकशी करावी, विक्रेत्याने मुखवटा रुग्णाला निजवून बसवून द्यावा, आणि रुग्णाने पहिल्या महिन्याअखेर यंत्रातील नोंदी घेऊन वैद्याकडे पुन्हा जावे; कारण रोज रात्री वापरल्यानेच हे यंत्र उपयोगी पडते, आणि वापरात येणारे बहुतेक अडथळे थोड्या जाणत्या मदतीने दूर होण्याजोगे असतात.