एक डिग्री, अनेक पत्ते

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाला बोला, मला नको!

विषय सुचला तो मेसच्या टेबलावर. आपल्या ट्रस्टचं दुसरं कॅम्पस हायवेजवळ होणार अशी बातमी आली आणि त्या रात्री आमटीपेक्षा चर्चाच जास्त गरम होती. "चांगले सर तिकडे जाणार." "उद्या इंटरव्ह्यूत विचारतील, नक्की कुठल्या कॅम्पसची तू?" माझ्याही पोटात गोळा आला. फीसाठी बाबांनी कर्ज काढलंय. डिग्रीची किंमत उतरली तर कुणाकडे जायचं?

माझी मावसबहीण बिट्सच्या गोवा कॅम्पसला होती. तिला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, रडण्याआधी पिलानीचा इतिहास तरी वाच." वाचला. थोडक्यात सांगते.

राजस्थानातल्या पिलानी गावात १९०१ साली शेठ शिवनारायण बिर्लांनी नातवांसाठी छोटी पाठशाळा काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे तंत्रज्ञ तयार करणारं केंद्र आलं. १९४६ मध्ये त्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. १९६४ मध्ये तिथली बिर्ला कॉलेजेस एकत्र करून बिट्स ही संस्था झाली आणि तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभिमत म्हणजे काय, तर अभ्यासक्रम आपला, पेपर आपला आणि डिग्रीवर सहीही आपलीच!

आता गंमत बघा. दुसरं कॅम्पस निघालं थेट २००० साली, दुबईला. म्हणजे मधे ३६ वर्षं गेली. या काळात काय केलं? फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून अमेरिकेतल्या एमआयटीचं सहकार्य घेतलं. सेमिस्टर पद्धत, वर्षभर चालणारं अंतर्गत मूल्यमापन, लेटर ग्रेड हे सगळं तिथे रुजलं. पिलानी तर आडगाव, जवळ मोठी इंडस्ट्री नाही. मग १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू झालं. म्हणजे काय, तर मुलांनाच काही महिने कंपन्यांमध्ये पाठवायचं आणि त्या कामाचेही ग्रेड द्यायचे.

त्यानंतर गोव्यात झुआरीनगरला २००४ मध्ये आणि हैदराबादला २००८ मध्ये कॅम्पस झालं. पिलानी, गोवा आणि हैदराबादच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला परीक्षा एकच, २००५ पासूनची बिटसॅट. अलीकडे मुंबईजवळ कल्याणलाही कॅम्पस झालंय, तिथे व्यवस्थापन आणि कायदा शिकवतात. ताई म्हणते, "आमची इमारत नवी होती, पण पद्धत जुनी, घासूनपुसून तयार झालेली."

मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. आधी पद्धत, मग भिंती.

आता आपलं काय? आपलं कॉलेज संलग्न. पेपर विद्यापीठ काढतं, डिग्रीही विद्यापीठच देतं. त्यामुळे नवं कॅम्पस झालं म्हणून आपल्या कागदाची किंमत लगेच उतरणार नाही. ती भीती सोडा. पण कागदामागे जे असतं, म्हणजे शिकवणारे सर-मॅडम, चालू स्थितीतली लॅब, रात्री उघडी असणारी लायब्ररी, ते दोन ठिकाणी वाटलं गेलं तर मात्र दोन्हीकडे अर्धं-अर्धंच उरेल. अर्धी पोळी दोघांना दिली तर दोघंही उपाशी, हे आपल्या मेसमध्ये राहिलेल्याला वेगळं सांगायला नको!

म्हणून मेसच्या टेबलावर कुरकुर करण्यापेक्षा तीन प्रश्न विचारूया. नव्या कॅम्पससाठी शिक्षक नवे घेणार की आपलेच नेणार? लॅबची यंत्रं नवी येणार की इथली उचलणार? आणि तिथल्या पहिल्या बॅचला शिकवायची काय पद्धत ठरली आहे?

प्राचार्य सर आमचं मासिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात असं ऐकलंय. सर, उत्तरं पुढच्या अंकात छापू. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हा नक्की तपासून घेईन!