प्रज्योत वितळजोड यंत्र

धातूचे भाग विद्युत् प्रज्योतीच्या उष्णतेने वितळवून सांधण्यासाठी लागणारा कमी दाबाचा व मोठा विद्युत् प्रवाह पुरविणारे साधन. व्यवहारात याला ‘वेल्डिंग मशीन’ किंवा नुसते ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरीतील मरोळ व साकीनाका, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, बोरिवली येथील औद्योगिक वसाहतींत आणि रस्त्यालगतच्या गाळ्यांत, खिडक्यांच्या जाळ्या, दरवाजे, जिने, टाक्यांचे सांगाडे व यंत्रांचे भाग बनविण्यासाठी ते वापरतात. या धंद्याशी उपनगरांचा संबंध जुना आहे. स्वित्झर्लंडमधील ओरलिकॉन कंपनीच्या सहकार्याने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या अडवाणी-ओरलिकॉन (नंतरची एडोर वेल्डिंग) या कंपनीचा वितळजोडाची विद्युत् अग्रे, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘रॉड’, बनविण्याचा कारखाना भांडुप येथे होता.

कार्यतत्त्व : प्रज्योत पेटण्यासाठी अग्र व धातू यांत साधारणपणे ५० ते ८० व्होल्ट दाब लागतो. पेटल्यावर मात्र तो २० ते ३० व्होल्टपर्यंत उतरतो आणि प्रवाह १०० ते ३०० अँपिअरपर्यंत जातो. कारागिराचा हात थोडा हलला की प्रज्योतीची लांबी व तिच्याबरोबर दाब बदलतो; अशा वेळी प्रवाह फारसा बदलू नये म्हणून यंत्राचा दाब प्रवाहाबरोबर झपाट्याने घसरेल अशी रचना करतात. नेहमीच्या रोहित्रात दोष मानली जाणारी चुंबकीय गळती येथे मुद्दाम राखलेली असते. दांडा फिरवून गाभ्याचा एक भाग आतबाहेर सरकविला की ही गळती व तिच्यायोगे प्रवाह कमीजास्त होतो.

प्रारंभी विद्युत् चलित्राने फिरविलेले जनित्र वापरीत. रोहित्र स्वस्त व दणकट असल्याने लहान कारखान्यांत तेच रूढ झाले. ते हवेने वा तेलाने थंड होते व केवळ प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह देते. एकदिश प्रवाह हवा असल्यास पुढे एकदिशकारक जोडतात. आता प्रचलित असलेल्या इन्व्हर्टर प्रकारात पुरवठ्याचा प्रवाह प्रथम एकदिश करून अर्धसंवाहक खटक्यांनी त्याची कंप्रता हजारो पटींनी नव्हे, तरी काही शेकडो पटींनी वाढवितात. कंप्रता वाढली की रोहित्राचा गाभा लहान चालतो. म्हणून २०० अँपिअरचे यंत्र खांद्याला अडकवून जिना चढता येतो. तेवढ्याच कामाचे जुने रोहित्र हलविण्यास चाके किंवा चार माणसे लागत.

उभारणी : उपनगरांच्या मोठ्या भागास १९२९ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी वीज पुरवीत असे, २०१८ पासून ते काम अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. भांडुप-मुलुंड भागात महावितरणचा पुरवठा आहे. वाटप ४१५ व्होल्ट त्रिकला व २३० व्होल्ट एककला असे होते. एका कारागिराचे रोहित्र सामान्यतः त्रिकला पुरवठ्याच्या दोन तारांवर जोडतात. ८० व्होल्ट अनुद्भारित दाबाच्या यंत्रातून ३०० अँपिअर घेताना पुरवठ्यातून सु. २४ किलोव्होल्ट-अँपिअर, म्हणजे ४१५ व्होल्टला सु. ५८ अँपिअर ओढले जातात. प्रज्योतीत यांपैकी १० किलोवॉटही खर्च होत नाहीत, कारण शक्तिगुणक निम्म्याहूनही कमी असतो. योग्य धारित्र बसविल्यास तारांवरचा भार व बिल दोन्ही उतरतात. शेजारच्या गाळ्यातील दिवे प्रत्येक टाक्याला मिणमिणतात, ते या ओढीमुळेच. घरगुती जोडणीवर असे रोहित्र चालविणे सर्वस्वी अयोग्य होय.

यंत्र कोरड्या, हवेशीर जागी, भिंतीपासून थोडे दूर व जमिनीपासून उंच ठेवावे. घासणयंत्राची (ग्राइंडरची) लोखंडी धूळ त्याकडे उडू देऊ नये. यंत्राला स्वतंत्र खटका व योग्य मानाची वितळतार हवी, आणि बाह्य पेटी दोन स्वतंत्र तारांनी जमिनीशी जोडलेली हवी.

येथे एका शब्दाने बराच घोटाळा केला आहे. कामाच्या तुकड्याकडून यंत्राकडे प्रवाह परत नेणाऱ्या केबलीला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. पेटीला जमिनीशी जोडणाऱ्या तारेलाही तेच नाव आहे. पहिली केबल दोनशे-तीनशे अँपिअर वाहते. दुसरीतून एरवी काहीच वाहत नाही, बिघाड झाला तरच ती कामास येते. नाव एक असल्याने पहिली जोडली की दुसरी झालीच असे समजले जाते. शिवाय पैसे वाचविण्यासाठी परतीच्या केबलीऐवजी भंगारातील सळया किंवा इमारतीचे लोखंड वापरतात. मग प्रवाह वाट मिळेल तसा परततो. एखाद्या यंत्राच्या भूयोजन तारेतून गेला तर ती बारीक तार जाळून टाकतो, आणि ते यंत्र कोणाला नकळत असुरक्षित होऊन बसते. परतीची केबल अग्राकडील केबलीइतकीच जाड असावी व तिचा चिमटा जोडाच्या जवळ, गंज खरवडून लावावा.

केबलीची लांबीही बेताची हवी. ५० चौ. मिमी. तांब्याच्या केबली जातायेता मिळून ६० मी. असल्या, तर २०० अँपिअरला सु. ४ व्होल्ट त्यांतच खर्च होतात. २८ व्होल्टांच्या प्रज्योतीला हा तोटा जाणवतो. मग कारागीर प्रवाह वाढवितो व यंत्र तापते.

वापर : अग्राच्या व्यासावरून प्रवाह ठरतो : २.५ मिमी. साठी साधारणतः ६०–९०, ३.१५ मिमी. साठी ९०–१३० व ४ मिमी. साठी १४०–१८० अँपिअर. यंत्राच्या पट्टीवर ‘३०० अँपिअर, ६० टक्के’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दहा मिनिटांच्या चक्रात सहा मिनिटे जोडकाम व चार मिनिटे विश्रांती. अखंड कामासाठी हेच यंत्र सु. २३० अँपिअरच देऊ शकते, कारण गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हाताच्या कामात रॉड बदलणे व मळी झाडणे यांत विश्रांती आपोआप मिळते. ठेक्याच्या घाईत दोन कारागीर आळीपाळीने एकच यंत्र चालवितात तेव्हा मिळत नाही, आणि बहुतेक जळलेल्या गुंडाळ्यांचे मूळ तेथे सापडते.

विजेचा धक्का : सर्वांत मोठा धोका प्रज्योत पेटलेली असताना नसून ती विझलेली असताना असतो, कारण तेव्हा होल्डरवर ८० व्होल्टांचा पूर्ण दाब असतो. घामाने वा पावसाने भिजलेल्या शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरला, तर त्यातून ८० मिलिअँपिअर वाहतील. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रत्यावर्ती प्रवाह प्राणघातक ठरू शकतो. मुख्य फलकावरील गळती-खंडक (ई.एल.सी.बी.) या धक्क्यापासून वाचवीत नाही, कारण रोहित्राची द्वितीयक गुंडाळी पुरवठ्यापासून विद्युत् दृष्ट्या अलग असते व तिच्या मंडलातील प्रवाह खंडकाला दिसतच नाही. म्हणून कोरडे कातडी हातमोजे, रबरी तळाचे जोडे, पायाखाली कोरडी फळी आणि न फुटलेला होल्डर हेच खरे संरक्षण होय. टाकीच्या आत किंवा ओल्या जागी एकदिश यंत्र, अथवा काम थांबताच दाब उतरविणारे उपकरण असलेले यंत्र वापरावे. रॉड बदलताना होल्डर काखेत धरण्याची सवय अनेकांना असते. ती जिवावर बेतू शकते.

निगा : यंत्र पुरवठ्यापासून तोडून दर काही आठवड्यांनी कोरड्या हवेच्या झोताने आतील धूळ काढावी, अग्रे व चिमट्यांचे बोल्ट आवळावेत, सरकत्या गाभ्याच्या दांड्यास वंगण द्यावे. सैल जोड तापतो, तापलेला जोड गंजतो व अधिकच तापतो. पेटीवर हात ठेवून गुणगुण वाढलेली वाटल्यास गाभ्याच्या पट्ट्या सैल झाल्याचे समजावे. तेलाच्या यंत्रात तेलाची पातळी पाहावी.

मुंबईत मे महिन्याच्या अखेरीस गुंडाळ्यांच्या निरोधनाची ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करणे इष्ट असते. खाड्यांकडून येणारी खारट हवा व चार महिन्यांचा दमटपणा यांनी निरोधन उतरते. ते १ मेगओहमच्या खाली आढळल्यास यंत्र वाळविल्याशिवाय सुरू करू नये. रॉडही ओल शोषतात. कमी हायड्रोजन प्रकारचे रॉड वापरापूर्वी सु. २५०°–३५०° से. ला तासदोन तास भाजतात, अन्यथा जोडात भेगा पडतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला व मिठी नदीलगतच्या सखल भागांतील तळमजले पाण्याखाली गेले. अशा पुरात बुडालेले यंत्र पाणी ओसरताच चालू करून पाहणे म्हणजे उरलेली गुंडाळी जाळणे. ते प्रथम गोड्या पाण्याने धुऊन गाळ व क्षार काढावे लागतात, नंतर गरम हवेत कित्येक तास, प्रसंगी दिवसभर, वाळवून मेगरचे मापन स्थिर होईपर्यंत वाट पाहावी लागते. साधे रोहित्र या उपचाराने बहुधा वाचते. इन्व्हर्टरचे इलेक्ट्रॉनीय फलक मात्र अनेकदा बदलावेच लागतात.