विद्यापीठातील तक्रार आणि तिची चौकशी

विद्यापीठात छळ करणारा आणि छळ सोसणारी यांच्यामध्ये अनेकदा एक सही असते. शोधप्रबंधावरची, हजेरीपत्रकावरची किंवा कंत्राटाची मुदत वाढवणाऱ्या कागदावरची. पीएचडी करणाऱ्या मुलीची चार-पाच वर्षे एकाच मार्गदर्शकाच्या हाती असतात. तिने गप्प राहण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते.

राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची जबाबदारी प्रथमच मालकावर, संस्थेवर आली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम काढून हे संरक्षण विद्यार्थ्यांपर्यंत नेले. त्यांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही येतात.

प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका. सोबत शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना मात्र समितीत जागा नाही. विनियमांतली ही सर्वांत शहाणपणाची तरतूद म्हणावी लागेल, कारण ज्यांच्या हाती नेमणुका आणि बढत्या, त्यांच्यासमोर कोणाची जीभ मोकळी होणार?

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिणे जमत नसेल तर समितीने मदत करायची. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. तेवढ्या काळात आरोप असलेल्या शिक्षकाला तक्रारदाराचे पेपर तपासण्यापासून किंवा तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. हा हक्क अनेक मुलींना ठाऊकच नसतो, ही मोठी खंत आहे. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे.

प्रतिबंधाचा भाग दिसायला साधा आहे. आवारातल्या अंधाऱ्या वाटांवर दिवे, वसतिगृहापर्यंत भरवशाची वाहतूक, समुपदेशक, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. या गोष्टी संस्थेने आपणहून करायच्या असतात. त्यांसाठी कोणाच्या तक्रारीची वाट पाहायची नसते.

चौकशी चुकली की काय होते, हे गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. विद्यार्थिनींनी २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली, समितीने निष्कर्ष काढला आणि त्यांना बडतर्फ करण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. चौकशी इतक्या घाईने उरकली होती की आपली बाजू मांडायला त्यांना पुरेसा अवसरच मिळाला नव्हता. आरोप खरे की खोटे, हा प्रश्न १४ वर्षांनी पुन्हा समितीपुढे आला. या घाईची किंमत तक्रारदार विद्यार्थिनींनाही मोजावी लागली. त्याच निकालात न्यायालयाने समित्या खरोखर अस्तित्वात आहेत का, याची पडताळणी करायला सांगितले आणि सदस्यांचे दूरध्वनी, ई-मेल व तक्रारीची रीत संस्थांच्या संकेतस्थळांवर द्यायचा आदेश दिला. विद्यापीठे आणि महाविद्यालयेही त्यात आली.