कबुतरांवर लिहा!

चार्ल्स डार्विनचा ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ कबुतरांपायी अडला असता! १८५९ साली लंडनचा प्रकाशक जॉन मरे याने प्रकरणांची नुसती नावे वाचून नफ्याचा दोन-तृतीयांश वाटा देऊ केला. हस्तलिखित नापसंत पडल्यास खुशाल नकार द्या, असे डार्विननेच कळवले.

मरेचा सल्लागार एल्विन म्हणाला, सिद्धांत तूर्त राहू द्या, कबुतरांवर छोटे पुस्तक लिहा. ती सर्वांना आवडतात. (ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कबुतरे आहेत, ही गोष्ट निराळी.) मरेलाही सिद्धांत पटला नव्हता, तरी त्याने दिलेला शब्द पाळला.

मुद्रितांत डार्विनने एवढी खाडाखोड केली की, दुरुस्तीचाच खर्च ७२ पौंडांवर गेला. तो वाटून घेण्याची त्याची तयारी होती. मरेने घेतला नाही. नोव्हेंबरात १२५० प्रती निघाल्या. जानेवारी १८६० मध्ये आणखी ३००० छापाव्या लागल्या.