मेंदूचे चित्र दुसऱ्यांदा काढले तर?

ध्यानस्थ भिक्खूच्या मेंदूचे, लाल-पिवळ्या ठिपक्यांनी उजळलेले चित्र एका विद्यार्थ्याने वर्गात आणले आणि विचारले, "सर, उद्या पुन्हा काढले तर असेच येईल का?" कालाम सुत्त शिकविणाऱ्या शाळेत असा प्रश्न यावा, याचे आम्हांस समाधान वाटले. उत्तरासाठी मात्र ध्यानापेक्षा सोप्या क्रियेकडे, म्हणजे नुसत्या पाहण्याकडे, वळणे इष्ट.

फंक्शनल एमआरआय विचार टिपत नाही. चेतापेशींतील विद्युत्-संदेशही टिपत नाही. ते टिपते रक्तातील बदल. हिमोग्लोबिनमधील प्राणवायू निघून गेला की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात. या गोष्टीच्या आधारे सेइजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला. १९९२ मध्ये माणसांवरील आरंभीचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत दृष्टीचा प्रयोग प्रमुख होता. डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकला की डोक्याच्या मागील भागातील दृष्टिक्षेत्रात संकेत वाढे, प्रकाश थांबला की ओसरे. वाढ अवघी काही टक्क्यांची, आणि तिला शिखर गाठण्यास पाच-सहा सेकंद लागत.

तीच व्यक्ती, तेच यंत्र, तेच दृश्य घेऊन महिन्याने पुन्हा मोजले तर? 'कोठे' या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेच येते. नजरेच्या डावीकडचे दृश्य मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात उमटते, हा नकाशा दिवसागणिक बदलत नाही. 'किती' याचे उत्तर मात्र डळमळते. डोळे पेंगुळले, लक्ष उडाले, मोजणीपूर्वी कॉफी घेतली (तिने मेंदूकडील रक्तप्रवाह घटतो), की आकडा हलतो. यंत्र मेंदूचे दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे पाडून मोजते. म्हणून डोके तेवढेच सरकले तरी एका तुकड्याच्या जागी शेजारचा तुकडा मोजला जातो.

विश्वसनीयतेची कसोटी वसतिगृहातील वजनकाट्यावरून कळावी. एकाच मुलाचे वजन सोमवारी आणि गुरुवारी दोन किलोंनी वेगळे आले, आणि मुला-मुलांतील फरकही दोनच किलोंचा असला, तर कोण अशक्त हे त्या काट्यावरून ठरविता येणार नाही. सगळ्या वर्गाची सरासरी मात्र बऱ्यापैकी बरोबर येईल. मेंदूच्या मोजमापातही नेमके हेच घडते. २०२० मध्ये मॅक्सवेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळी कामे देऊन केलेल्या ९० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. १ म्हणजे पूर्ण विश्वसनीय, अशा मापावर सरासरी गुण ०.४० च्या आसपास भरला. पाहणाऱ्या सर्वांचे दृष्टिक्षेत्र हमखास उजळते, म्हणून प्रयोग यशस्वी ठरतो. पण सर्वांचे सारखेच उजळत असेल, तर त्यावरून दोन माणसांत भेद करणे तितकेच अवघड होते. हा पेच प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. आम्हांलाही तो वाटला होता.

यावर उपाय आहे, पण तो स्वस्त नाही. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ७ टेस्लाच्या यंत्रात केवळ ८ जणांना, प्रत्येकी ३० ते ४० वेळा, सुमारे वर्षभर बोलावून हजारो छायाचित्रे दाखविली गेली. तेच छायाचित्र तीनदा दाखवावे, अशी योजना होती. हा संग्रह २०२२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. माणसे थोडी, मोजण्या पुष्कळ; त्यामुळे एकेका व्यक्तीविषयी काही ठामपणे म्हणता येते.

एका बैठकीतील एका चित्रावरून कुणाची बुद्धी, कल वा मनःस्थिती सांगतो, असे कुणी म्हणू लागले तर धोका खरा आहे; कारण अशा शिक्क्याचा भार मुलालाच वाहावा लागतो. म्हणून आम्ही त्या विद्यार्थ्याला तीन प्रश्न लिहून दिले: चित्र एकाचे की अनेकांच्या सरासरीचे? मोजणी किती वेळा झाली? दुसऱ्या खेपेस काय आले? त्याने आणलेल्या कात्रणात यांपैकी एकाचेही उत्तर छापलेले नव्हते.